बारा महिन्यांची मास्टर्स

‘नोकरी न सोडता, घरबसल्या, बारा महिन्यांत मास्टर्स.’ मोबाइलवर ही जाहिरात एकदा उघडून पाहिली की ती पिच्छा सोडत नाही. दुसऱ्या दिवशी फोन येतो, तिसऱ्या दिवशी ‘सवलतीची मुदत आज रात्री संपतेय’ असा मेसेज. जाहिरातीत खोटे काही असेलच असे नाही. अमेरिकेत अशा पदव्या खरोखर आहेत, त्यातल्या काही नामवंत विद्यापीठांच्या आहेत, आणि त्या एका वर्षात पुऱ्या करणारी माणसेही आहेत. विचारायचे ते एवढेच की दोन वर्षांचे एक वर्ष झाले तेव्हा कात्री कशाला लागली? सुट्ट्यांना, विषयांना, शिक्षकाच्या वेळेला, की विद्यार्थ्याच्या झोपेला? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक अभ्यासक्रमात वेगळे असते आणि ते माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेले नसते. ते आपल्यालाच काढावे लागते. त्यासाठी महिने सोडून तास मोजायचे.

अमेरिकेत विद्यापीठाचा अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. या मोजमापाचा उगम शिकवण्याच्या चिंतेत नाही, पेन्शनच्या चिंतेत आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून ठेवले. पैसे वाटायचे तर कॉलेज कशाला म्हणायचे हे आधी ठरवणे आले, कारण त्या काळी तिकडे साधी शाळासुद्धा दारावर कॉलेजची पाटी लावत असे. मग या निधीच्या विश्वस्तांनी अट घातली, की शाळेत ठरावीक तास शिकून आलेल्यांनाच जी संस्था प्रवेश देईल तिच्याच प्राध्यापकांना पेन्शन मिळेल. तासांवर बेतलेले ते युनिट बघता बघता देशभर रुळले आणि कॉलेजांतल्या क्रेडिटचा पाया बनले. पुढे शतकभराने अमेरिकेच्या केंद्र सरकारने शैक्षणिक मदतीच्या नियमांत त्याची व्याख्याच करून टाकली. आठवड्याला एक तास वर्ग, त्याला जोडून वर्गाबाहेर किमान दोन तासांचा अभ्यास, आणि असे सुमारे १५ आठवडे, म्हणजे एका सेमिस्टरचे एक क्रेडिट. मुदत वेगळी असली तरी काम साधारण तेवढेच भरले पाहिजे, हेही त्याच नियमात आहे.

म्हणजे एका क्रेडिटमागे ४५ तास. अमेरिकेतल्या पुष्कळ मास्टर्स पदव्या ३० ते ३६ क्रेडिटच्या असतात. आपण ३० धरू. तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय, दर विषयाला १३५ तास, एकूण १,३५० तास. पाणी तेवढेच आहे; धरणाचे दार किती उघडायचे एवढेच आपल्या हाती. दोन वर्षांत सोडले तर आठवड्याला १३ तास पडतात, एका वर्षात सोडले तर २६.

पण सरासरी फसवते. ‘वेगवान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत बहुधा १५ आठवड्यांचे सेमिस्टर मोडून आठ-आठ आठवड्यांच्या सत्रांत विषय बसवलेले असतात. १३५ तासांचा विषय आठ आठवड्यांत करायचा तर आठवड्याला १७ तास लागतात. वर्षात अशी सहा सत्रे बसतात आणि विषय असतात दहा. म्हणजे सहापैकी चार सत्रांत दोन-दोन विषय घ्यावे लागणार, आणि त्या सत्रांत आठवड्याला ३४ तास द्यावे लागणार. नोकरीचे ४५ तास आणि बदलापूर किंवा विरारहून रोजचा लोकलचा प्रवास ज्याच्या नशिबी आहे त्याने हे ३४ तास आणायचे कुठून? शनिवार-रविवार मिळून १६ तास बसले, तरी १८ उरतात. पाच रात्रींत वाटले तर रोज साडेतीन तासांहून जास्त. घरात लहान मूल असेल, आईवडिलांचे आजारपण असेल, मार्चअखेरीची कामे अंगावर असतील, तर हा हिशेब पहिल्याच सत्रात कोलमडतो.

आता हाच आकडा वर्गात जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी ताडून पाहा. अमेरिकेत मास्टर्सचा पूर्णवेळ विद्यार्थी सेमिस्टरला साधारण नऊ क्रेडिट घेतो, म्हणजे आठवड्याला २७ तासांचे काम करतो. म्हणजे वेगवान अभ्यासक्रमातला नोकरदार हा खरे तर पूर्णवेळ विद्यार्थीच असतो. फक्त त्याच्याजवळ पूर्ण वेळ नसतो. कॅम्पसवरची दोन वर्षे आपल्याला लांब वाटतात, कारण त्यांत उन्हाळ्याची आणि डिसेंबरची मोठी सुट्टी धरलेली असते. दोन शैक्षणिक वर्षांत प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे सुमारे ६० भरतात. ऑनलाइन अभ्यासक्रम उन्हाळाभर चालू ठेवला की मुदत तिथेच बरीच आक्रसते. या कापाकापीत अप्रामाणिक काही नाही. मात्र पहिली कात्री आपल्या सुट्टीवर चालली आहे, हे प्रवेश घेताना माहीत असावे.

हे तास नियमातले आहेत, माणसागणिक ते बदलतात. दहा वर्षे डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला डेटाबेसच्या विषयाला १३५ तास लागणार नाहीत. बारावीनंतर गणिताचे तोंड न पाहिलेल्याला संख्याशास्त्राला २०० लागले तरी नवल नाही. तेव्हा आपल्या दहा विषयांपैकी ओळखीचे किती आणि अनोळखी किती, हे कागदावर मांडल्याशिवाय वेग ठरवू नये.

आठ आठवड्यांची सत्रे मुळात वाईट, असेही नाही. टेक्सासमधल्या ओडेसा कॉलेजने २०१४ पासून बहुतेक अभ्यासक्रम आठ आठवड्यांच्या सत्रांत आणले, आणि कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या मुलांना एकाच वेळी चार-पाच विषय ओढण्यापेक्षा दोन-दोन विषय उरकणे सोपे जाते, म्हणून पुढे इतर अनेक कॉलेजे त्या वाटेने गेली. एका वेळी मोजकेच विषय डोक्यात असणे हा खरा फायदा आहे. व्यवस्थापन, शिक्षणप्रशासन, सार्वजनिक धोरण यांसारख्या वाचन-लेखनाच्या विषयांना आठ आठवडे चालून जातात. संख्याशास्त्र, अल्गोरिदम, अर्थमिती यांचे तसे नाही. तिथे एखादी सिद्धता आज कळत नाही, चार दिवसांनी आंघोळ करताना कळते. मध्ये जावे लागणारे ते चार दिवस आठ आठवड्यांच्या वेळापत्रकात नसतात. तिथे बुधवारी सबमिशन असते. गणिताधारित मास्टर्स करणाऱ्याने नोकरी चालू असताना सत्राला एकाहून अधिक विषय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षाची मुदत आणि पदवीचे वजन यांचा थेट संबंध नसतो, हेही इथेच सांगून टाकू. ब्रिटनमध्ये मास्टर्स मुळातच एका वर्षाची असते. १८० क्रेडिट आणि दर क्रेडिटला दहा तास, म्हणजे १,८०० तास. भारतात २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने ३० तासांचे एक क्रेडिट आणि वर्षाला ४० क्रेडिट असे माप ठरवले. त्या मापाने दोन वर्षांच्या मास्टर्सचे २,४०० तास होतात. ३० क्रेडिटची अमेरिकी पदवी तासांच्या हिशेबाने या तिघींत सर्वांत हलकी. तेव्हा लंडनची एका वर्षाची पदवी अर्धी समजायची आणि अमेरिकेची दोन वर्षांची पुरी, याला काही आधार नाही.

सुट्टी कापण्यापेक्षा वेळ वाचवण्याची जास्त प्रामाणिक रीत आहे, आधी शिकलेल्याचे क्रेडिट देण्याची. अमेरिकेतली समाजकार्याची मास्टर्स, एम.एस.डब्ल्यू., सहसा ६० क्रेडिटची असते. पण ज्याने समाजकार्याचीच मान्यताप्राप्त पदवी घेतली आहे त्याला पहिल्या वर्षाचे मूलभूत विषय पुन्हा करावे लागत नाहीत, आणि तो साधारण वर्षभरात मोकळा होतो. एमआयटीने पुरवठा साखळी व्यवस्थापनात आणखी एक वाट काढली. ऑनलाइन ‘मायक्रोमास्टर्स’चे विषय आणि शेवटची परीक्षा पार केलेल्याला पुढे मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला, तर त्याला कॅम्पसवर एकच सेमिस्टर काढावे लागते. इथे वाचलेला वेळ विद्यार्थ्याने आधीच भरलेला असतो. मात्र समाजकार्याच्या पदवीत प्रत्यक्ष संस्थांत जाऊन करायच्या कामाचे तास असतात, पूर्ण अभ्यासक्रमाला किमान ९००, आणि ते लॅपटॉपसमोर बसून भरत नाहीत. ‘शंभर टक्के ऑनलाइन’ असे लिहिलेल्या पानावरच कुठेतरी खाली ‘फील्ड प्लेसमेंट’ हे शब्द सापडतात. नर्सिंग, समुपदेशन, अध्यापन यांचेही तसेच.

सर्वांत टोकाचा वेग पाहायचा असेल तर वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीकडे पाहावे. पश्चिमेकडच्या १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून १९९७ मध्ये ती स्थापन केली. तिथे तास मोजतच नाहीत. विद्यार्थी सहा महिन्यांची एकरकमी फी भरतो आणि त्या मुदतीत जमतील तितके विषय पुरे करतो. विषय येतो आहे असे परीक्षेत किंवा प्रकल्पात दाखवले की विषय सुटला, मग त्याला दोन महिने लागोत की दोन दिवस. पंधरा वर्षे शाळेत शिकवलेली बाई किंवा रुग्णालयात वॉर्ड सांभाळलेली परिचारिका एकाच सत्रात मास्टर्सचा मोठा भाग उरकू शकते, आणि तिला ते का नाकारावे? जे तिला येते ते पुन्हा तास भरून ऐकवण्यात कुणाचे भले आहे?

पण या विद्यापीठावरून जो वाद झाला तो पदवी निवडणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की इथे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात नियमित व सखोल संवाद होत नाही, म्हणून हे कायद्याच्या भाषेत पत्रद्वारा शिक्षण ठरते. विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मदतीपोटी घेतलेले ७१.३ कोटी डॉलर सरकारला परत करावेत. पुढे, २०१९ मध्ये, शिक्षण खात्याने ही शिफारस नाकारली आणि पैसे परत मागितले नाहीत. कायद्याचा निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला, तरी महानिरीक्षकांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अडले तर उत्तर कोण देणार? प्रकल्प तपासणारा माणूस आणि शिकवणारा माणूस एकच आहे का? त्याच्याकडे किती विद्यार्थी आहेत? वेगाची कात्री पुष्कळदा इथे, शिक्षकाच्या वेळेवर, चालते. ज्याला विषय येतो त्याचे त्यावाचून अडत नाही. नव्याने क्षेत्र बदलणाऱ्याचे मात्र अडते, आणि गंमत म्हणजे वेगवान पदवीची सर्वांत जास्त घाई त्यालाच असते.

या विद्यापीठात श्रेणी देत नाहीत. विषय उत्तीर्ण म्हणजे ‘बी’ किंवा वर, एवढेच गुणपत्रकावर येते. नोकरीत बढती हवी असेल तर त्याने काही बिघडत नाही. पुढे पीएचडी करायची असेल तर बिघडू शकते, कारण प्रवेश समितीला गुणांचा चढउतार पाहायचा असतो. मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच हे विद्यापीठ आहे. नाशिकला बसून तिथे प्रवेश घ्यायचा विचार असेल तर तो सोडावा.

याच्या नेमके उलटे उदाहरण अटलांटाच्या जॉर्जिया टेकचे. मे २०१३ मध्ये त्यांनी संगणकशास्त्राची पूर्ण मास्टर्स ऑनलाइन देण्याची घोषणा केली. जोडीला युडॅसिटी ही कंपनी होती आणि एटी अँड टी या दूरसंचार कंपनीचा पैसा. जानेवारी २०१४ मध्ये ३८० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. पूर्ण पदवीचा खर्च सुमारे सात हजार डॉलर सांगितला गेला, तेव्हा बऱ्याच जणांना तो छपाईचा दोष वाटला असेल. पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्द नाही, आणि अभ्यासक्रमाच्या कडकपणाबद्दल तिथले विद्यार्थी जे सांगतात ते ऐकून कुणी गंमत म्हणून अर्ज भरणार नाही. दहा विषय, ३० क्रेडिट, पहिल्या वर्षात पायाभूत विषयांपैकी दोन ‘बी’ श्रेणीत काढायचे, आणि पदवी पुरी करायला सहा वर्षांची मुदत. नोकरी करणारा माणूस सेमिस्टरला एक विषय घेतो, कधी हिंमत करून दोन. वर्षाला तीन सेमिस्टर धरली तर एकेक विषयाच्या गतीने सव्वातीन वर्षे सहज जातात. वेगाची जाहिरात तिथे कुणी करत नाही.

जोशुआ गुडमन, ज्युलिया मेल्कर्स आणि अमांडा पॅले या अभ्यासकांनी या पदवीच्या अर्जदारांचा अभ्यास केला. कॅम्पसवरच्या अभ्यासक्रमाचा अर्जदार सरासरी २४ वर्षांचा, बहुधा परदेशी आणि नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला होता. ऑनलाइनचा अर्जदार सरासरी ३४ वर्षांचा, नोकरीत स्थिरावलेला अमेरिकी. आणखी महत्त्वाचे म्हणजे, प्रवेश थोडक्यात हुकलेले ऑनलाइन अर्जदार दुसरीकडे कुठे गेले असे दिसले नाही. त्यांना ही पदवी नाही तर कोणतीच नको होती. ३४ व्या वर्षी, संसार आणि नोकरी सांभाळून, परवडणाऱ्या पैशांत, तीन-चार वर्षांत मास्टर्स. घाई नसलेली ही पदवी इतकी भरली, यावरून माणसांना वेगापेक्षा काय हवे होते ते कळते.

स्वस्ताईचा विषय निघालाच आहे तर महागाईचीही गोष्ट पाहू. अनेक विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपन्या चालवतात. वेबसाइट, जाहिरात, विद्यार्थी गोळा करणे, व्हिडिओ बनवणे ही सगळी कामे कंपनीची. नाव आणि प्राध्यापक विद्यापीठाचे. मोबदल्यात कंपनी फीचा हिस्सा घेते, आणि तो निम्म्याहूनही जास्त असू शकतो. टूयू या कंपनीने लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची समाजकार्याची ऑनलाइन मास्टर्स अशीच चालवली. पदवीचा खर्च एक लाख डॉलरच्या वर गेला. समाजकार्यकर्त्याला पगार किती मिळतो हे पाहता कित्येक पदवीधर कर्ज फेडता फेडता थकले, आणि अमेरिकी वृत्तपत्रांनी त्याला वाचा फोडली. २०२३ मध्ये विद्यापीठाने कंपनीशी काडीमोड घेतला. जुलै २०२४ मध्ये टूयूने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. याच कंपनीने तीनच वर्षांपूर्वी ८० कोटी डॉलर मोजून एडएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ विकत घेतले होते.

म्हणून फोनवर गोड बोलणारे ‘ॲडमिशन कौन्सेलर’ विद्यापीठाचे नोकर आहेत की कंपनीचे, हे पहिल्याच फोनवर विचारावे. कंपनीचे असणे हा गुन्हा नाही. पण त्यांचे काम जागा भरण्याचे आहे, तुमचा आठवडा मोजण्याचे नाही. ‘नोकरीबरोबर आरामात होतं, सर’ हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत असतील!

आता आपल्याकडचे पाहू. भारतात ऑनलाइन पदवीला २०२० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीचा आधार आहे. मान्यता असलेल्या विद्यापीठाची मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची धरली जाते. २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर ती यादी असते, आणि २०२४ पासून प्रवेश घेताना विद्यार्थ्याला तिथला डीईबी आयडी काढावाच लागतो. कौन्सेलर म्हणाला ‘आयडी नंतर बघू’, की फोन ठेवून द्यावा. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुकला, कायदा हे विषय या नियमावलीखाली ऑनलाइन शिकवता येत नाहीत. २०२५ मध्ये त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र यांसारख्या आरोग्यसेवेशी निगडित विषयांची भर पडली. समुपदेशक होण्याच्या इच्छेने ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्र शोधणाऱ्या अनेकांना हे अजून ठाऊक नसते.

वेगाच्या बाबतीत मात्र आपला नियम ताठ आहे. ऑनलाइन म्हणून मुदत कमी, असे इथे होत नाही. कॅम्पसवर दोन वर्षे लागतात तर ऑनलाइनही दोन वर्षे. ‘वेगवान पदवी’ची जी योजना आयोगाने आणली ती पदवीपूर्व अभ्यासक्रमांसाठी आहे. एका वर्षाची मास्टर्स आता भारतातही आहे, पण ती चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी. ही चार वर्षांची पदवी आणणारे नवे शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्याआधी तीन वर्षांत बी.कॉम., बी.ए. झालेल्या लाखो मंडळींना दोन वर्षे काढणे भाग आहे. त्यांना कुणी ‘एका वर्षात एम.कॉम.’ देऊ करत असेल तर ती पदवी नसून दुसरेच काही तरी आहे.

आयआयटींची गोष्ट वेगळी, कारण त्या स्वतंत्र कायद्याने चालतात. आयआयटी कानपूरची ‘ई-मास्टर्स’ ही ६० क्रेडिटची, १२ विषयांची पदवी नोकरदारांसाठी आहे. गेटची परीक्षा लागत नाही, आणि ती एक ते तीन वर्षांत पुरी करता येते. भारतातल्या नोकरदाराला वेगवान ऑनलाइन मास्टर्सचे खरेखुरे उदाहरण हवे असेल तर ते हे. तिथेही ‘एक वर्ष’ हा शब्द वाचून भुलण्याआधी ६० क्रेडिटचे तास आधीच्या रीतीने मांडून पाहावेत.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी पुण्यात बसून घ्यायची असेल तर ती कशासाठी हवी आहे, यावर सगळे ठरते. बहुराष्ट्रीय कंपनीत बढती हवी असेल, तर मनुष्यबळ विभागाला एक पत्र टाकून ‘ही पदवी धराल का’ एवढे विचारले की काम भागते. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा भारतात पीएचडी हवी असेल तर समकक्षतेचे प्रमाणपत्र लागते, आणि तिथे शिक्षण प्रत्यक्ष वर्गात झाले का, हाच प्रश्न आधी येतो. भारतीय एडटेक कंपन्यांशी हातमिळवणी करून आयोगाच्या मान्यतेशिवाय दिल्या जाणाऱ्या परदेशी पदव्या आपण मानणार नाही, असे आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचनेने बजावले आहे.

अमेरिकेत जाण्याचे स्वप्न मनात असेल तर आणखी एक गोष्ट. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात सत्राला एकच ऑनलाइन विषय मोजला जातो. पूर्ण ऑनलाइन पदवीवर हा व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे पदवीनंतर तिथे काम करण्याची ओपीटीची परवानगीही नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना ही परवानगी एकूण तीन वर्षांपर्यंत मिळते. कॅम्पसवरच्या भरमसाट फीतला मोठा भाग आपली मुले खरे तर या तीन वर्षांसाठी मोजत असतात. तीच पदवी घरून घेतली तर पैसे वाचतात आणि दारही बंद होते. दोन्ही गोष्टी एकदम सांगणारा कौन्सेलर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

याउलट नवऱ्याच्या एच-१बी नोकरीमुळे न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या, एच-४ व्हिसावरच्या मराठी मुलींना वेगवान ऑनलाइन मास्टर्स खरोखर उपयोगी पडू शकते. त्यांना शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, आणि नोकरीची परवानगी नसेल तर आठवड्याचे ३० तास त्यांच्याजवळ असतात. त्यांनी दोन गोष्टी मात्र नीट तपासाव्यात. विद्यापीठाची मान्यता अमेरिकी शिक्षण खात्याच्या यादीत पाहावी, विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर नव्हे. पदव्यांचे बनावट कारखाने स्वतःच्या बनावट मान्यता संस्थाही काढतात. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीने हेच केले होते. दुसरे म्हणजे, अध्यापन, नर्सिंग, समाजकार्य यांचा परवाना तिकडे राज्यागणिक वेगळा असतो. ॲरिझोनातल्या विद्यापीठाची पदवी न्यू जर्सीत परवान्याला चालेल का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. अशी माहिती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि कुठलीही पदवी निवडा, अर्जाची फी भरण्याआधी एक करा. त्या अभ्यासक्रमातल्या सर्वांत अवघड विषयाचा गेल्या सत्राचा संपूर्ण सिलॅबस मागवा, आठवड्यागणिक वाचन आणि असाइनमेंटच्या तारखांसकट. पहिल्या दोन आठवड्यांचे काम घड्याळ लावून, नोकरी चालू असताना, स्वतः करून पाहा. जमले तर वेगाने जा. सिलॅबस द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पैसे भरू नका.